रामनगरचं प्रकरण

पंचगंगेच्या पायऱ्यांवर बायका हसल्या तेव्हा बिंदुमाधव पैठणकर वर दीपस्तंभापाशी उभा होता. क्षणभर त्याला वाटलं, त्या आपल्यालाच हसल्या. कालच तो पुण्याहून परतला होता. पारितोषिकाची शाल अजून ट्रंकेतच होती आणि प्रवासाने अंग आंबलं होतं, म्हणून सकाळी ऊन चढल्यावर तो स्नानाला आला होता. खाली एक मल्लाह नावेच्या टोकावर उभा राहून ओरडत होता, "रामनगर! रामनगर! आवऽ माई, दू सवारी बाकी बा!" तो रोजच ओरडे. त्याच्यापासून चार हातांवर वहिनी वाकून तांब्याची कळशी भरत होती. बाजूला लुगडी पिळणाऱ्या तिघींपैकी एकीने दुसरीला कोपर मारलं आणि आपल्या मराठीत, मल्लाहाला कळू नये पण वहिनीला कळावं अशा बेताने म्हटलं, "ऐकलंत का? बोलावणं आलंय." मग तिघींचे पदर तोंडाशी गेले. वहिनीने मान वर केली नाही. तिने भरलेली कळशी पुन्हा पाण्यात उपडी केली, जणू पाणी गढूळ आलं होतं, आणि पुन्हा भरली. कळशी कमरेवर घेऊन ती पायऱ्या चढू लागली. घाटावरच्या वेताच्या छत्र्यांची सावली अर्ध्या पायऱ्यांवर पडली होती. त्या सावलीतून ती उन्हात आली तसा बिंदुमाधव दीपस्तंभाच्या आड झाला. ती वर गेली, गल्लीत वळली, तरी तो आडच उभा राहिला. तो एकतीस वर्षांचा होता, शाळेत इतिहास शिकवत होता, त्या वर्षीची मराठीतली सर्वोत्कृष्ट कादंबरी त्याची ठरली होती, आणि आपण एका दगडामागे लपलो आहोत हे त्याला हाताला गार दगड लागल्यावर कळलं.

तो न नाहताच परत फिरला. गल्लीतून जाताना त्याला पुण्याच्या सभेत वाचून दाखवलेलं वाक्य आठवत राहिलं: "रामनगरच्या प्रकरणात लेखकाने विधवेच्या अंतःकरणाचा तळ गाठला आहे." टाळ्या झाल्या होत्या. तेव्हा त्यालाही वाटलं होतं, खरंच, गाठला. तळ. आता दीपस्तंभाच्या आडून त्याने वहिनीची पाठ पाहिली होती, किंचित वाकलेली, चाळिशीतल्या बाईची, आणि तळबिळ काही त्याला माहीत नव्हतं. त्याला एवढंच माहीत होतं की कादंबरीतल्या तेवीस प्रकरणांपैकी बावीस तिच्या अक्षरात छापखान्यात गेली होती आणि तेविसावं त्याच्या.

त्याला जी मराठी येत होती ती तिची होती. काशीत जन्मलेल्या मराठी पोरांची मराठी म्हणजे घरात जेवताना बोलायची गोष्ट. उंबऱ्याबाहेर पाय पडला की हिंदी. तो सात वर्षांचा असताना दादाशी, म्हणजे काशीनाथशी, लग्न होऊन अंबिका वाईहून आली, आणि आल्या आल्या तिने त्याला टोकलं. "किवाड बंद करू?" असं त्याने विचारलं तर ती म्हणे, "किवाड नाही, दार. आणि पानी नाही. पाणी. ण म्हण." तो ण म्हणेपर्यंत ती त्याला पाणी देत नसे. तीन वर्षांनी पटकीत दादा गेला. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. अकराव्या दिवशी न्हावी आला, सगळी आळी दारात उभी होती, आणि आप्पांनी, बिंदुमाधवच्या वडिलांनी, ज्यांनी जन्मात वेदाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, त्या न्हाव्याला दारातूनच परत लावलं. "माझ्या घरात वस्तरा चालणार नाही," एवढंच ते म्हणाले. सहा महिने त्यांना कुणी श्राद्धाला बोलावलं नाही. आईने वहिनीची नथ गंगेत सोडली आणि आप्पा आईशी वर्षभर बोलले नाहीत. हे सगळं त्याने कादंबरीत लिहिलं होतं, जसंच्या तसं. लिहिता लिहिता तो वहिनीला विचारी, न्हाव्याच्या हातात धोकटी होती की पेटी? आणि ती आठवून सांगे, धोकटी. मग त्याचे गिचमिड कागद घेऊन ती खालच्या ओसरीवर बसे आणि सुवाच्य अक्षरात उतरवून काढी. तिला सगळं ठाऊक होतं, कादंबरीची नायिका विद्युल्लता म्हणजे कोण ते. एकदा फक्त म्हणाली होती, "नाव जरा फारच चमकतं रे." तो हसला होता. तीही.

आई आणि आप्पा गेल्यावर घरात दोघंच उरली होती. ओसरीवरच तिचा वर्ग भरे. अकरा मुली. काशीतल्या मराठी घरांतल्या मुली लग्न होऊन ग्वाल्हेरला, इंदूरला, पुण्याला जात आणि सासरी त्यांच्या बोलण्याला हसत. म्हणून आया त्यांना अंबिकाबाईंकडे पाठवत. पाटीवर बालबोध, मग पत्र लिहिणं, मग मोठ्याने वाचन. दुपारी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच त्याला मुलींचा एकसुरी आवाज ऐकू येई आणि त्यावरचा वहिनीचा एकच शब्द, "पुन्हा." गुरुवारी विष्णुशास्त्री येत. त्यांच्याजवळ ती भागवत वाचे. शास्त्रीबुवा पंचावन्नचे, दम्याचे, एका श्लोकात तीनदा थांबणारे. बाईने आपल्या आयुष्याचं एवढं केलं होतं, कुणाच्या मदतीशिवाय, आणि कादंबरीच्या बावीस प्रकरणांत तेवढंच होतं. प्रकाशकाचं पत्र आलं ते म्हणून. भाषा सुरेख आहे, वातावरण नवं आहे, पण नायिकेच्या आयुष्यात काही घडत नाही. वाचकाला कुठेतरी धक्का बसला पाहिजे.

घडत नाही, हा शब्द त्याला लागला. त्याच आठवड्यात शाळेला सुट्टी होती. रिकाम्या वर्गात पोरांच्या बाकावर बसून त्याने एका दुपारी ते प्रकरण लिहिलं. विद्युल्लता एका तरुण शास्त्र्याबरोबर भर दुपारी नावेने रामनगरला जाते. किल्ल्यामागच्या पेरूच्या बागेत दोघं बसतात. परतीच्या नावेत, मणिकर्णिकेवरच्या चिता समोर दिसू लागतात तेव्हा, तो तिचा हात हातात घेतो आणि ती रडते. तिसऱ्या दिवशी ती घाटाच्या पायऱ्या उतरते आणि पाण्यात उतरतच जाते. हात न थांबता चालला होता. एवढं सोपं लिहिणं त्याला पूर्वी कधी जमलं नव्हतं. ते कागद त्याने वहिनीला दिले नाहीत. तिला आधीच काम फार, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि स्वतः उतरवून काढून टपालात टाकले. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हा त्याने इकडेतिकडे पाहिलं होतं. म्हणजे त्याला तेव्हाच माहीत होतं. पुढे कितीही वेळा त्याने स्वतःची समजूत घातली तरी ते इकडेतिकडे पाहणं त्याला पुसता आलं नाही.

आणि ती नाव त्याने कुठून आणली होती? वहिनी रामनगरला एकदाच गेली होती. दादा गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, रामलीला पाहायला, त्याला घेऊन. रामाचं नाव म्हणून आईनेही जाऊ दिलं होतं. तो अकरा वर्षांचा. परतताना नाव मणिकर्णिकेसमोरून आली आणि वहिनी रडू लागली, आवाज न करता, आणि काय करावं हे न सुचून त्याने तिचा हात धरला. आपला तळवा घामेजलेला होता हे त्याला आजही आठवत होतं. कादंबरीत त्याने त्या हाताला मिशी दिली, कुरळे केस दिले, सत्तावीस वर्षं दिली. का दिली, हा विचार त्याच्या मनात अर्धा वर आला आणि त्याने तो दाबून टाकला. लग्न त्याने केलं नव्हतं. कादंबरी पुरी झाली की बघू, असं तो म्हणत असे.

पुस्तक निघालं तेव्हा काशीत ते कुणी वाचलं नाही. आठ महिने काही झालं नाही. पारितोषिकाची बातमी आली आणि एकदम घरोघर प्रती आल्या. जो तो ओळखू लागला: हे तर आप्पा, हा तर तो न्हावी, ही नथ माझ्या आईने डोळ्यांनी बुडताना पाहिली. ओळख पटत पटत लोक तेविसाव्या प्रकरणापर्यंत आले आणि तिथेही ओळख पटवूनच थांबले. शास्त्री कोण? गल्लीला कुरळे केस नको होते, शास्त्री हवा होता. गुरुवारी येणारे एकच. विष्णुशास्त्र्यांचं मठातलं पुराण बंद झालं. ते भागवताला येईनासे झाले. बिंदुमाधव पुण्याला निघाला तेव्हा ओसरीवर सात मुली होत्या. परत आला तर दोन.

त्याच आठवड्यात ब्रह्माघाटाजवळच्या मठात सगळ्या मराठी मंडळींनी त्याचा सत्कार केला. वहिनी म्हणाली, "मी येते. घरचं कुणी दिसलं नाही तर बरं दिसत नाही." पुढे पुरुष बसले, मागे बायका. वहिनी सतरंजीच्या कडेला बसली आणि तिच्या शेजारची बाई जरा सरकली, तिच्या पलीकडचीही सरकली, आणि थोड्या वेळाने तिच्याभोवती सतरंजीचे निळे पट्टे मोकळे दिसू लागले. बिंदुमाधवला व्यासपीठावरून दुसरं काही दिसेना. त्याने खिशात एक वाक्य लिहून आणलं होतं: ते प्रकरण संपूर्ण कल्पित आहे, माझ्या घरातल्या कुणाशी त्याचा संबंध नाही. अध्यक्ष वेणीमाधवपंत वकील होते. काशीची कीर्ती दक्षिणेत गेली, असं ते लांबलचक बोलले. मग कॉलेजात जाणारा बाळ नावाचा एक मुलगा उठला. "बिंदुभैया, एक पुछायचं होतं. रामनगरवाला किस्सा सच आहे का?"

हशा झाला. इतकी सरळ संधी कुणाला मिळते? नाही, एवढा एक शब्द पुरे होता. बिंदुमाधवचा हात खिशात गेला, कागद बोटांना लागला. आणि पुण्याची सभा, ते वाक्य, ते तळ गाठणं, सगळं त्याला आठवलं. नाही म्हटलं तर मग उरतं काय? धक्का हवा म्हणून प्रकाशकाने मागितलेलं एक प्रकरण? स्वतःचाच आवाज त्याला दुरून ऐकू आला. "घडलेलं आणि लिहिलेलं यांत लेखक भेद करत नाही. मनात घडलं की ते घडलंच." टाळ्या पडल्या. वेणीमाधवपंत म्हणाले, "वा!" त्याने मागे पाहिलं. वहिनी तशीच बसली होती. पेढे वाटले गेले तेव्हा तिने आपला पेढा घेतला आणि सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी शाळेत न जाता तो गंगाबाईंकडे गेला. बकुळ त्यांची मुलगी, वहिनीची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. गंगाबाई चौकात पापड वाळत घालत होत्या. त्यांनी त्याला पाट दिला, गुळपाणी दिलं.

"मी बकुळबद्दल आलोय," तो म्हणाला. "तिला वर्गाला पाठवा. पुस्तकात रामनगरचं जे आहे ते सगळं खोटं आहे. मी मनाने लिहिलं."

गंगाबाई कौतुकाने पाहू लागल्या. "दीर असावा तर असा हो. नाहीतर आजकाल घरच्या बाईची बाजू घेतं कोण?"

"बाजू घेत नाही. खरं तेच सांगतोय."

"बरं. न्हावी परत लावला ते?"

"ते खरं."

"नथ सोडली ते?"

"खरं."

"आणि सासऱ्यांनी तिला चोरून अमरकोश शिकवला, तोही?"

"हो, खरंच."

"मग एवढंच तेवढं खोटं?" त्यांनी एक पापड उलटला. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. "बिंदुभाऊ, मी अंबिकाबाईंना नावं ठेवत नाही. एकोणीस वर्षांची पोर होती, झालं असेल. पण बकुळचं ग्वाल्हेरला जमत आलंय. ते लोकही वाचतात."

तो उठला. पुढे आणखी तीन घरी गेला. चौथ्या घरी दार उघडणाऱ्या बाईने तो बोलायच्या आत म्हटलं, "कळलं, गंगाबाईंकडे सफाई देऊन आलात ते." तिचं ते हसू पाहून त्याला उमगलं की आपण दारोदार काय वाटत फिरतो आहोत. बावीस प्रकरणं खरी लिहिण्याची ही किंमत होती. त्यांच्या पुण्याईवर तेविसावं उभं होतं, आणि ते पाडायला त्याच्यापाशी आता काहीच नव्हतं. लोकांनी त्याचा शब्द एकदा प्रमाण मानला होता, तो कायमचा.

घरी आला तर ओसरी रिकामी. उरलेल्या दोघीही आल्या नव्हत्या. वहिनी खांबाला टेकून बसली होती. हातात काही नव्हतं. तिला असं रिकाम्या हातांनी बसलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"घरोघर गेला होतास म्हणे."

"हो."

"लिहिताना विचारलं नाहीस. खोडताना तरी विचारायचं होतंस."

तो पायरीवर बसला. म्हणाला, "तू वाचलंस केव्हा?"

"पार्सल आलं त्याच दुपारी. तू शाळेत होतास."

"आठ महिने! आणि बोलली नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. लेखक माणूस, शब्द सापडायला वेळ लागत असेल म्हटलं." ती हसली नाही. "एक सांगू? त्या नावेत मी रडले ते तुला आठवतंय, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. घरात कुणाला तरी ठाऊक आहे म्हणून. मग पान उलटलं."

गल्लीतून कुणीतरी गाय हाकत नेली. "का रडली होतीस तू?" बिंदुमाधवने विचारलं. वीस वर्षांत हे त्याने विचारलं नव्हतं. लिहिण्यापूर्वीही नाही.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर त्याला आधार वाटला असता.

"ते आता तुला नाही सांगणार," ती म्हणाली.

जबलपूरच्या एका कन्याशाळेला मराठीची बाई हवी होती. वहिनीने अर्ज केला तो त्याला न सांगता. उत्तर आलं तेव्हा तिने कागद त्याच्यापुढे धरला. मुख्य बाईंनी नेमणूक कळवून खाली लिहिलं होतं की पारितोषिकविजेत्या कादंबरीकारांच्या वहिनी आमच्याकडे येणार याचा आनंद वाटतो. वरच्या वर्गातल्या मुलींनी ते पुस्तक वाचलं आहे. त्याने वाचलं आणि खाली पाहिलं. "माझ्याआधी पोचली विद्युल्लता तिथे," वहिनी म्हणाली.

"मग नको जाऊस. इथेच राहा. मी... हळूहळू लोक विसरतील."

"तिथे मी गेले की त्यांना दोघी दिसतील, ती आणि मी. पडताळून बघतील. इथे आता एकच दिसते."

कँट स्टेशनवर तो तिला पोचवायला गेला. एक ट्रंक, एक वळकटी. ती बाकाच्या टोकाला खिडकीशी बसली, तो फलाटावर उभा राहिला. गार्डाने हिरवं निशाण काखेत मारलं होतं आणि तो कुणाशी तरी बोलत होता. काहीतरी बोललं पाहिजे होतं. सुरई भरून आणू का, असं तो दोनदा म्हणाला. दोन्ही वेळा तिने भरलेली सुरई दाखवली.

"सकाळपासून तुला एकच विचारायचंय," ती एकदम म्हणाली. "मी माफ केलं का, हेच ना?"

त्याने मान हलवली.

"मला अजून माहीत नाही. खोटं कशाला सांगू? कळलं की पत्रात लिहीन."

गाडी हलली. तो चार पावलं चालला आणि थांबला, कारण धावावं असं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. तिने पदर सारखा केला आणि पलीकडच्या बाईला खिडकीजवळ जागा करून दिली.

पुढे त्याने दुसरी कादंबरी लिहिली नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्याने प्रकाशकाला ते प्रकरण गाळायला लिहिलं. आपण विनोद करता आहात, असं उत्तर आलं. साहित्यसभांना तो अध्यक्ष म्हणून जाई, हार घाली, हार घेई. त्याला विचारत, नवीन काय चाललंय? तो म्हणे, साहित्य गोळा करतोय. शाळेतली पोरं सन सत्तावन्न पाठ करत आणि तो खिडकीबाहेर पाहत राही. विष्णुशास्त्री एकदा गल्लीत समोर आले, श्वास लागला म्हणून भिंतीला हात टेकून उभे होते. त्याने वाकून नमस्कार केला, त्यांनी आशीर्वाद दिला, नेहमीचाच, आणि पुढे गेले.

वहिनीची पत्रं मात्र नियमाने आली. महिन्याला एक, त्याच सुवाच्य अक्षरात. शाळेच्या विहिरीला पाणी लागलं. मुलींना जोडाक्षरं अवघड जातात. दिवे झाकायचा हुकूम झाला आहे, लढाई आहे म्हणून. हिवाळ्यात हात फुटतात, कोकमतेल पाठव. प्रत्येक पत्र तो दारातच उभा राहून फोडी, आधी घाईने शेवटापर्यंत नजर टाकी, मग आत येऊन पहिल्यापासून वाची. माफीचं ते वाक्य नसे. दोन ओळींच्या मध्ये कुठे आहे का, तेही तो पाहत असे. लिहिण्यातला माणूस, पण तिच्या दोन ओळींच्या मध्ये कोऱ्या कागदाशिवाय काही नसे.

सातव्या वर्षी एका दुपारी पत्र आलं. वर्गात आता चाळीस मुली आहेत. त्यांतली एक वाईची निघाली. यंदा पेरू चांगले आले आहेत. शेवटी लिहिलं होतं, हे पत्र मिळाल्याचं लगेच कळव, टपाल फार गहाळ होतंय. बिंदुमाधवने ते तीनदा वाचलं. ते वाक्य याही पत्रात नव्हतं. मग एक कार्ड घेतलं आणि टाक बुडवला. निबवरची शाई वाळली, ती पुन्हा बुडवली. वरती 'ती. वहिनीस, शि. सा. न.' एवढं लिहिलं आणि त्याखाली, "पत्र पोचलं." त्याने कार्ड उन्हात धरून वाळवलं, पत्ता घातला, आणि पायात वहाणा सरकवून ते टाकायला निघाला.